रक्ताचं नातं नाही, असं मीच सांगितलं

माझी मुलगी शिवन्या साडेतीन वर्षांची आहे. ती मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही. माणसाच्या मेंदूवर ज्या वळ्या असतात त्या तिच्या मेंदूवर जवळजवळ नाहीत. हे बरं होत नाही. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकते, कारण तिचं निदान झाल्यावर मी मोबाईलवर अशा आयांनी लिहिलेलं शोधून वाचायचे आणि दर वेळी एकाच आशेने शेवटापर्यंत जायचे, की कुठेतरी ‘आणि मग ती चालायला लागली’ असं वाक्य येईल. इथे ते येणार नाही. ज्यांना आज त्या वाक्याची गरज आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. मला राग नाही.

तरीही लिहिते आहे, ते शिवन्यानंतर पोटात वाढलेल्या दुसऱ्या बाळामुळे. त्या बाळाच्या आधी आमच्या घराकडून एक चूक झाली होती. ती चूक आमच्या भागात कोणाकडूनही होईल. शिकलेल्या माणसाकडून सुद्धा होते, कारण ती माझ्याकडून झाली.

पेटीतलं बाळ

मी शिरूर अनंतपाळची. माझे वडील, म्हणजे अप्पा, पिठाची गिरणी चालवायचे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. लातूरला राहून बी.एस्सी. केलं, विषय प्राणिशास्त्र. पदवीचं प्रमाणपत्र अप्पांनी गिरणीत टांगलं होतं, पिठाची धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ते विचारायचे, ‘वाचता येतंय का बघा की,’ आणि मग स्वतःच वाचून दाखवायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. माझं नाव कुठे छापलंय एवढंच त्यांना माहीत होतं.

लग्न होऊन मी कंधारला आले. माझे पती महेश हे माझ्या आत्याचे थोरले चिरंजीव. आमच्यात मुलगी मोठी झाली की आधी आत्याला विचारतात. आत्या नको म्हणाली तरच बाहेर स्थळ बघायचं. आत्या नको म्हणाली नाही. महेश यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, स्वभावाने शांत माणूस. लहानपणी सुट्टीत आत्याकडे जायचे तेव्हाच ते मला ओळखीचे होते. अनोळखी घरात जावं लागलं नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानले होते. हे मी खोटं लिहिणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून लातूरच्या दवाखान्यात झालं. शिवन्या उशिरा रडली. तिला पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन वॉर्डात आले. बाहेरगावचे असावेत, फार शुद्ध बोलत होते. माझ्या कॉटजवळ अप्पा आणि आत्या उभे होते. बाकीचे प्रश्न झाले आणि मग त्यांनी विचारलं, “रक्ताच्या नात्यात लग्न आहे का?”

“न्हाई न्हाई,” अप्पा म्हणाले. “तसलं काय न्हाई आमच्यात.”

“आडनाव येगळं हाय की आमचं,” आत्या म्हणाली. तिला प्रश्नाचा जरा रागच आला होता. “सोयरे हाव आम्ही.”

डॉक्टरांनी ‘नाही’ वर खूण केली आणि पुढच्या कॉटकडे गेले.

अप्पा खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे रक्त म्हणजे भावकी. ज्यांचं सुतक आपल्याला लागतं ते रक्ताचे. आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरात गेली की तिची लेकरं त्या घराची. भावकीत लग्न म्हणजे बहीण-भावाचं लग्न, ते ऐकलं तरी माणसं कानाला हात लावतात. डॉक्टरांनी तेच विचारलंय असं त्या दोघांना वाटलं. मी कॉटवर पडून सगळं ऐकत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नांदेडला

चौथ्या महिन्यात शिवन्या दचकायला लागली. दोन्ही हात एकदम पुढे यायचे, मान खाली जायची, परत सरळ. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा लागोपाठ. आत्या म्हणाली दृष्ट लागली. मी म्हणाले थंडी असेल. महेश यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांना नेऊन दाखवला. डॉक्टरांनी पूर्ण व्हिडिओ पाहिला नाही. अर्ध्यातच म्हणाले, “बाळाला घेऊन या. उद्याच.”

एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन फिल्मा शेजारी लावल्या. एक दुसऱ्या कुठल्या तरी बाळाची होती. ती अक्रोडाच्या गरासारखी दिसत होती, घड्याच घड्या. आमची फिल्म सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी होती. मी अंड्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आमची मशीनमध्ये नीट आली नसेल.

“बाळ पोटात असतानाच हे झालंय,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूच्या पेशी आतून बाहेर सरकत येतात, आपापल्या जागी बसतात. हिच्या पोहोचल्याच नाहीत.”

महेश यांनी विचारलं, “औषध किती दिवस घ्यावं लागेल, सर?”

“झटक्यांचं औषध कायम. बाकीच्यासाठी औषध नाही.”

“म्हणजे चालायला उशीर होईल.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “चालणार नाही,” ते म्हणाले. “बहुतेक बसणारही नाही. तुम्हाला खोटं सांगून काय करू?”

ते चांगले डॉक्टर आहेत. आजही शिवन्या त्यांच्याकडेच आहे. त्यांनी पुढे समजावलं की याचं कारण जनुकात असतं. पुष्कळदा तो बदल बाळात अचानक घडतो, आई-वडिलांत काहीच नसतं. मग त्यांनी फाईलचं पहिलं पान उघडलं आणि खात्री करून घ्यावी म्हणून माझ्याकडे बघून विचारलं, “रक्ताच्या नात्यातलं लग्न नाही ना?”

“नाही सर,” मी म्हणाले.

तिथे अप्पा नव्हते, आत्या नव्हती. मी होते, बी.एस्सी. प्राणिशास्त्र, प्रथम श्रेणी.

“मग पुढच्या बाळाला हे होण्याची शक्यता फारच कमी. जनुकांची तपासणी करून ठेवा, पण आज उद्या करायलाच पाहिजे असं नाही. आधी झटके थांबवू.”

बसस्टँडवर कंधारची गाडी लागायची होती. शिवन्या महेश यांच्या खांद्यावर झोपली होती. मग ते म्हणाले, “दुसरं चांगलं होईल म्हणले की.” त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य हातात धरण्यासारखं होतं. आम्ही ते धरून घरी आलो. तपासणी राहून गेली.

पळी

अशा मुलांना गिळता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अन्न चुकीच्या नळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. पहिल्या दोन वर्षांत शिवन्या चार वेळा ॲडमिट झाली. वॉर्डाचा दिवस सगळ्यांना सारखाच असतो. सकाळी झाडणारी बाई सगळ्यांना पाय वर घ्यायला लावते, मग सलाईन, मग राउंड, मग डॉक्टर काय म्हणाले त्याचा अर्थ लावत दुपार. मला भीती राउंडची नव्हती. भरवण्याची होती.

तिसऱ्या वेळी शेजारच्या कॉटवर देगलूर नाक्याच्या रजियाआपा होत्या, नातवाला घेऊन. त्यांनी दोन दिवस माझं भरवणं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

“माय, लेकरू हाय का डबा? वतून राहिली नुसतं!”

“मग कसं करू आपा? तोंडच बंद करत नाही ती.”

“चमचा टाक तो. घरी पळी हाय का, लांब दांड्याची? हाव, पूजेची चालते, देव काय बोलत न्हाई. हिला थोडी उभी धर. हनुवटी खाली. गालाच्या आतून सोड. अन् तू गिळ.”

“मी?”

“तू गिळल्याबिगर ती कशी गिळंल? तुझ्याकडं बघती ती. दिसत न्हाई म्हणतेत डॉक्टर, पर बघती.”

मी गिळलं. शिवन्याने गिळलं. ती बघत होती की नाही हे मला आजही माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्यासमोर बसून प्रत्येक पळीला रिकामं गिळते. अर्धी वाटी पेज भरवायला पाऊण तास लागतो. त्यानंतर न्यूमोनिया एकदाच झाला. रजियाआपांचा नातू बरा होऊन गेला. जाताना त्या म्हणाल्या, “दुवा करते,” आणि शिवन्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. कोणी डॉक्टरने केलं नाही ते त्या बाईने केलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

लग्नाआधी त्या तुमच्या कोण?

शिवन्या अडीच वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले. चुकून नाही. आम्ही ठरवलं होतं. आत्याने महादेवाला अभिषेक बोलला. महेश दुकानातून लवकर यायला लागले, शिवन्याला मांडीवर घेऊन तिला सांगायचे, “शिवे, तुझ्या चाकरीला कुणीतरी येऊन राहिलंय बरं का.” घरात हसणं ऐकून बरेच दिवस झाले होते.

चौदावा आठवडा चालू होता. शिवन्याच्या तपासणीला नांदेडला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज सांगितलं की आनुवंशिक आजारांच्या एक डॉक्टर महिन्यातून एकदा हैदराबादहून येतात, आज आल्या आहेत, भेटून घ्या. आम्ही गेलो. त्या मूळच्या बिदरकडच्या होत्या. मराठी मोडकं होतं, पण ऐकायला आमच्याकडचंच वाटत होतं. त्यांनी फाईल चाळली, बाजूला सरकवली आणि कोरा कागद घेतला.

“सासूबाई बरोबर आल्यात?”

“बाहेर बसल्यात मॅडम. शिवन्याला घेऊन.”

“लग्नाआधी त्या तुमच्या कोण होत्या?”

“आत्या.”

“मानलेली?”

“नाही. सख्खी. अप्पांची धाकटी बहीण.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी फाईल परत ओढली. “इथे तीन जागी ‘नाही’ लिहिलंय.”

महेश म्हणाले, “मॅडम, ते रक्ताचं विचारलं होतं. आम्ही सोयरे आहोत.”

त्या रागावल्या नाहीत. “माझी आई पण हेच सांगते,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी तसं विचारतच नाही.”

मग त्या कागदावर आखायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. मी हे ओळखत होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी अशा वंशावळी जर्नलमध्ये पट्टीने आखल्या होत्या. नात्यात लग्न असेल तर चौकोन आणि वर्तुळ यांच्यामध्ये दुहेरी रेघ काढायची. आमच्या मॅडमनी माझी जर्नल वर्गाला दाखवली होती, ‘रेघा बघा किती सरळ आहेत.’ डॉक्टरांनी महेश यांचा चौकोन काढला, माझं वर्तुळ काढलं, आणि दुसरी रेघ ओढायच्या आधीच मला ती दिसली. इतकी वर्षं ती रेघ मला माहीत होती. ती दुसऱ्या कुणाच्या तरी घराची असते, असं मी धरून चालले होते.

आत्याला आत बोलावलं.

“तुम्ही भावंडं किती?”

“दोघंच. मी आन् माझा भाऊ.”

“जगलेली नाही विचारत. झाली किती?”

आत्याने शिवन्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “तीन,” ती म्हणाली. “मधली एक होती.”

“काय झालं तिला?”

“काय न्हाई. गेली. दोन वर्साची होऊन.”

“मान धरायची का?”

महेश आईकडे बघत होते, त्यांनीही हे कधी ऐकलं नव्हतं. आत्या म्हणाली, “न्हाई धरायची. आईनं आम्हाला सांगून ठिवलं होतं, हिचं नाव काडायचं न्हाई. पुढल्या लेकरांच्या अंगावर येतं म्हनून.”

डॉक्टरांनी एक लहान वर्तुळ काढलं, ते काळं केलं आणि त्याच्यावर तिरपी रेघ मारली. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. महेश यांच्यात आणि माझ्यात, दोघांतही एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असणार. एक चांगली प्रत सोबत आहे म्हणून आम्हाला काही होत नाही. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बाळाला मिळाल्या तर हा आजार. दर वेळी चारात एक. शक्यता ‘फारच कमी’ नव्हती. कधीच नव्हती.

म्हणून जे कोणी हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगते. डॉक्टरांनी ‘रक्ताचं नातं आहे का’ असं विचारलं तर हो किंवा नाही म्हणू नका. सासू लग्नाआधी तुमची कोण लागायची, नवरा कोण लागायचा, तेवढंच सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जगलेली लेकरं विचारू नका. झालेली विचारा.

परतीची गाडी लोह्याला थांबली. मग महेश खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “दुकानात येईल त्याला सांगतो मी. घरचं सोयाबीन तिसऱ्या साली पेरू नका, बी बदला.” ते हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं. आत्या समोरच्या सीटवर होती. तिने ऐकलं, पण मागे वळून बघितलं नाही.

सगळं बरोबर आहे

तिघांचं रक्त हैदराबादला गेलं. नेमका कुठला बदल आहे ते आधी शिवन्यात सापडायला हवं, मगच पोटातल्या बाळात तो शोधता येतो. रिपोर्टला महिना लागणार होता. पोट वाढत होतं.

अठराव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी सगळं मोजलं, हृदय, मणके, हातपाय, डोकं. “सगळं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. आत्याने तिथल्या तिथे हात जोडले. मी विचारलं, “मेंदूच्या वळ्या?” त्या म्हणाल्या, “या महिन्यात कुणालाच नसतात. सगळ्याच बाळांचा मेंदू आत्ता सपाट असतो. वळ्या नंतर येतात.”

आत्याला मी बाहेर आल्यावर हे समजावलं.

“बाई म्हनली ना सगळं बराबर हाय?”

“आत्या, अजून दिसायचंच नाही म्हणाल्या त्या.”

“तू लई शिकलीस,” आत्या म्हणाली. “कुणाचं चांगलं बोलणं बी तुला पचंना.”

त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. बदल सापडला होता. शिवन्यात दोन्ही प्रती, आमच्यात एकेक. हैदराबादला जाऊन बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायला दिलं. सुई आत जाताना पडद्यावर बाळाने पाय आखडून घेतला. मी तोंड फिरवायला हवं होतं. फिरवलं नाही.

त्या तीन आठवड्यांत अप्पांचा फोन यायचा. ते काही विचारायचे नाहीत. एकदा म्हणाले, “मीने, ती मधली होती ना, तिला मी पाठुंगळी घेऊन फिरायचो. मान पडायची म्हणून कापडानं बांधायचो.” मी म्हणाले, “अप्पा, तुम्ही सांगितलं का नाही कधी?” ते म्हणाले, “कुणी विचारलंच न्हाई गं. आन् सांगितलं असतं तर तुला आत्याकडं दिलं नसतं असं बी न्हाई.” अप्पा कधी खोटं बोलत नाहीत.

बावीस आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी डॉक्टर मॅडमचा स्वतःचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं, “महेश जवळ आहेत का?” त्यावरून मला कळलं. बाळाला दोन्ही प्रती मिळाल्या होत्या.

ठरवणं

चोवीस आठवड्यांपर्यंत ठरवायचं होतं. आत्या म्हणाली, महादेवाने दिलेलं आपण कोण नाकारणार. महेश म्हणाले, “तू सांगशील तसं.” त्यांनी हे चांगल्या मनाने म्हटलं, पण मला त्याचा फार राग आला. सगळं ओझं माझ्या पोटात, आणि निर्णयही माझ्यावरच.

“मी सांगू? तुम्हाला काय वाटतं ते सांगा की आधी.”

“मला वाटतं...” शिवन्या शेजारी पडली होती. “हे नको म्हणलं, तर हिला पण नको म्हणल्यासारखं होईल गं.”

तेच मला चार दिवस खात होतं आणि मी बोलले नव्हते. मी म्हणाले, “हिला कळलं असतं तर?”

“हिला कळत नाही. तेच तर आहे.”

मी फक्त दिवसाचे तास मोजले. शिवन्याला तीन वेळा भरवायला सव्वादोन तास लागतात. औषधं चार वेळा. झटका आला की तिला कुशीवर वळवून धरावं लागतं, कधी दोन मिनिटं, कधी वीस. दोघांना एकदम झटका आला तर मी कोणाला धरणार? कोणाला तरी सोडावं लागेल. रोज सोडण्यापेक्षा एकदाच, असं मी ठरवलं. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. दुसऱ्या बाईने उलट ठरवलं तर तिलाही मी चूक म्हणणार नाही.

लातूरच्या दवाखान्यात दोन डॉक्टरांनी सह्या केल्या. गोळ्या दिल्या. कळा सुरू व्हायला एक दिवस लागला आणि नंतर अर्धा दिवस. प्रसूती ती प्रसूतीच, कळा काही कमी लागत नाहीत. तिथल्या सिस्टरनी मला बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवलं नाही. कोपऱ्यातली छोटी खोली मागून घेतली आणि दाराला बाहेरून एक खुर्ची लावून ठेवली, चुकून कोणी पेढे घेऊन आत येऊ नये म्हणून. मी त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं.

सिस्टरनी विचारलं, “बघायचंय?” मी हो म्हणाले. कापडात गुंडाळलेलं, हाताच्या पंज्यात मावेल एवढं डोकं. नखं आली होती. तोंडात, हातात, कुठेही काही चूक दिसत नव्हती. आत्याने दारातून विचारलं, “काय होतं?” महेश म्हणाले, “लेकरू होतं.” तिने पुन्हा विचारलं नाही. अप्पा शिरूरहून आले होते. ते आणि महेश दोघंच जाऊन पुरून आले. माती टाकताना अप्पांनी विभूती लावली, एवढंच महेश यांनी मला सांगितलं. जागा मी विचारली नाही.

नंतर

लोक विचारतात, पुढे काय. पुढे काही नाही. आम्ही तिसऱ्याचा विचार करत नाही. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की तपासणी लवकर करता येते, दर वेळी चारात तीन चांगलेही असतात. मला गणित कळतं. पण पुन्हा त्या फोनची वाट बघण्याची माझी तयारी नाही. शिवन्याचे झटके वाढले आहेत, औषधं तिनाची चार झाली. डॉक्टर आता पुढच्या वर्षाबद्दल बोलत नाहीत, पुढच्या तारखेबद्दल बोलतात.

आत्याचा आणि माझा दीड महिना अबोला होता. पण एक गोष्ट त्याच्या सुरुवातीचीच आहे, घरी आल्यावर तिसऱ्या दिवसाची. त्याबद्दल मला कोणी सावध केलं नव्हतं, म्हणून लिहिते. मला दूध आलं. बाळ बावीस-तेवीस आठवड्यांचं असलं तरी दूध येतं. ते थांबवायच्या गोळ्या दवाखान्यातून दिल्या होत्या, पण मी पाकीट उघडलं नव्हतं. का, ते सांगता येत नाही. ब्लाउज भिजला. मी मोरीत जाऊन भिंतीवर दूध पिळायला लागले आणि रडायला लागले. आत्या आली. दारातच उभी राहिली. मला वाटलं काहीतरी बोलेल, मी नाकारलेल्या देवाच्या देण्याबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल. ती आत गेली आणि धुतलेली वाटी घेऊन आली.

“हितं काड,” ती म्हणाली. “हाय ना घरात एक पिणारी.”

मी काढलं. आत्याने शिवन्याला मांडीवर उभी धरली, हनुवटी खाली केली. मी पळीने गालाच्या आतून सोडलं आणि समोर बसून गिळलं. शिवन्याने गिळलं. पेजेला ती पाऊण तास लावते, हे दहा मिनिटांत संपलं. एकदाही ठसका लागला नाही. तिसऱ्या पळीला आत्याही माझ्याबरोबर रिकामं गिळत होती, तिच्या लक्षात आलं नव्हतं.

सहा दिवस आम्ही असं केलं, दिवसातून तीन-चारदा, एक शब्द न बोलता. रोज वाटीत थोडं कमी यायचं. सातव्या दिवशी मी बराच वेळ बसले, काहीच आलं नाही. आत्याने वाटी उचलली, धुतली आणि चुलीवर पेज ठेवली.